संगणक नव्हता, मग सिगारेटवर ठपका ठेवला कसा?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. एक अशी, की १९५० साली ना संगणक होता ना जनुकांची तपासणी, तरी सिगारेटने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे डॉक्टरांनी कशावरून ठरवलं? तुमचे आजोबा तर ८४ वर्षांपर्यंत बिडी ओढत होते आणि गेले ते खुब्याचं हाड मोडल्याचं निमित्त होऊन. दुसरी तक्रार अशी, की तुमच्या वाडीवर चार वर्षांत सात माणसं कॅन्सरने गेली, सातही जण एकाच बोअरचं पाणी पिणारी, आणि आरोग्य खात्यातला माणूस म्हणतो, 'याला पुरावा म्हणत नाहीत'. मग त्यांचा तो पुरावा आणि आमचा तो योगायोग, असं का?

राग रास्त आहे. मी २७ वर्षं ग्रामीण भागात कॅन्सर नोंदणीचं काम केलं. म्हणजे सोप्या भाषेत सांगायचं तर गावोगाव फिरून कोण कशाने गेलं ते विचारायचं. त्यामुळे वाडीवरची अशी यादी मला नवी नाही. पण तुमच्या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: जे गेले त्यांची तुलना कोणाशी करायची? या एका प्रश्नाचं उत्तर सापडायला वैद्यकाला जवळजवळ पावणेदोनशे वर्षं लागली.

पहिला मुक्काम लंडनचा. पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यचिकित्सकाने १७७५ साली लिहून ठेवलं, की धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या त्वचेचा कॅन्सर होतो आणि त्याला कारण काजळी. ही पोरं पाच-सहा वर्षांची असल्यापासून अरुंद धुराड्यांत चढत, काजळी अंगाच्या वळ्यांत साचून राहायची. पॉटने कुठलीही आकडेमोड केली नाही आणि त्याला ती लागलीही नाही. कारण तो आजार इतरांत जवळजवळ दिसतच नव्हता आणि धुराडी साफ करणारे मूठभर. आजार दुर्मीळ, धंदाही दुर्मीळ, आणि दोन्ही एकाच माणसात, तर ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. काजळी-डांबरातलं नेमकं काय घात करतं ते कळायला बराच काळ गेला. १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोळून कॅन्सर करून दाखवला आणि १९३३ साली लंडनमध्ये डांबरातून बेंझोपायरीन हे कॅन्सर करणारं रसायन वेगळं काढलं गेलं. पण धुराड्यातल्या पोराला आंघोळ घाला हे सांगायला १९३३ची वाट बघायची गरज नव्हती.

दुसरा मुक्काम इटलीतल्या व्हेरोनाचा, आणि माझ्या लेखी हा माणूस पॉटहून मोठा. डोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी १७६० ते १८३९ या ऐंशी वर्षांच्या शहरातल्या मृत्युनोंदी काढून बसून मोजल्या आणि १८४२ साली निष्कर्ष मांडला. लग्न झालेल्या बायकांत गर्भाशयाचा कॅन्सर जास्त, मठातल्या जोगिणींत तो विरळा. उलट जोगिणींत स्तनाचा कॅन्सर जास्त. का, ते त्यांना सांगता आलं नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३ साली दाखवला आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे नोंदवहीला जे समजलं होतं ते प्रयोगशाळेला समजायला १४० वर्षं लागली. आजही कोणी 'नुसते आकडे' म्हटलं की मला व्हेरोनाच्या त्या नोंदवह्या आठवतात.

आता इथे एक अडचण आहे, तिच्याकडे बाहेरच्या माणसाचं लक्ष जात नाही. नोंदवहीत लिहिलेलं कारण खरं असतं का? मी नोकरीला लागलो तेव्हा ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या वहीत बहुतेक ठिकाणी 'वार्धक्य' नाहीतर 'हृदय बंद पडून' लिहिलेलं असायचं. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं हो शेवटी. मग घरी जायचं, ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं आणि विचारायचं, शेवटी शेवटी काय व्हायचं? 'अन्न उतरत नव्हतं, नुसतं पाणी जायचं, नंतर तेही जाईना,' असं म्हणाले की अन्ननलिका. 'अंगावरून लाल जायचं, पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती तरी,' असं सून आत नेऊन हळूच सांगायची, की गर्भाशयाचं मुख. मग तालुक्याच्या दवाखान्यातला कागद पत्र्याच्या पेटीतून निघायचा आणि बऱ्याचदा अंदाज बरोबर ठरायचा. बार्शीला डॉ. नेने यांच्या पुढाकाराने १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, ती याच रीतीवर: रुग्ण आपल्याकडे येईल म्हणून थांबायचं नाही, आपण गावात जायचं. नोंदच नसेल तर तुलना कसली करणार?

तर नोंद झाली. पुढे? स्तनाचा कॅन्सर धुराड्यासारखा मूठभर लोकांचा नाही, कोणत्याही घरात निघतो. इथे पॉटचे डोळे कामाचे नाहीत. जॅनेट लेन-क्लेपॉन या इंग्रज डॉक्टरबाईंनी १९२६ साली ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयासाठी एक अहवाल लिहिला. स्तनाचा कॅन्सर झालेल्या ५०० बायका घेतल्या आणि न झालेल्या ५०० घेतल्या. दोघींना तेच प्रश्न: लग्न कधी झालं, मुलं किती, अंगावर किती पाजलं? कॅन्सर झालेल्यांची लग्नं उशिरा झालेली, मुलं कमी आणि अंगावर पाजणंही कमी असं दिसलं, आणि ते आजही टिकून आहे. या बाईंचं नाव आमच्या एमबीबीएसच्या वर्गात कोणी घेतलं नाही, याची मला अजून चुटपुट लागते. झालेल्यांइतकेच न झालेलेही बोलावून बसवायचे, ही सगळ्या पद्धतीची किल्ली आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२२ साली फुप्फुसाच्या कॅन्सरने गेलेल्यांची नोंद ६१२ होती, १९४७ साली ९,२८७. पंधरापट. पहिली शंका अर्थातच नोंदीवर: एक्स-रे आले, निदान सुधारलं, म्हणून आकडा फुगला असेल. दुसरी शंका डांबरी रस्ते आणि मोटारींच्या धुरावर. ज्या तरुण डॉक्टरने हे काम हाती घेतलं त्या रिचर्ड डॉल यांचाही कल सुरुवातीला रस्त्यांकडेच होता, आणि ते स्वतः सिगारेट ओढत. सिगारेटवर संशय येणार तरी कसा? ती सगळेच ओढत होते.

हे वाक्य जरा थांबून वाचा, कारण तुमच्या बोअरचंही हेच आहे. डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या २० रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कॅन्सरचे ७०९ रुग्ण घेतले आणि त्यांच्याच वयाचे, शक्यतो त्याच रुग्णालयातले, दुसऱ्या आजाराचे ७०९. ३० सप्टेंबर १९५०च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल छापला. नुसते पुरुष बघू. ६४९ कॅन्सरवाल्यांपैकी कधीच न ओढणारे २. दुसऱ्या ६४९ पैकी कधीच न ओढणारे २७. म्हणजे ज्यांना कॅन्सर नव्हता त्यांच्यातलेही ९६ टक्के धूम्रपान करणारेच! रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्याला दोन्ही गट एकसारखेच दिसले असते. फरक आहे तो २ आणि २७ मध्ये, आणि तो फक्त मोजणाऱ्याला दिसतो.

आणखी एक पायरी खाली उतरा. ओढणाऱ्यांना विचारलं, किती? दिवसाला १ ते ४ सिगारेटी ओढणारे: कॅन्सरवाल्यांत ३३, दुसऱ्या गटात ५५. ५ ते १४: २५० आणि २९३. १५ ते २४: १९६ आणि १९०, जवळपास बरोबरी. २५ ते ४९: १३६ आणि ७१. पन्नास आणि वर: ३२ आणि १३. पारडं कसं हळूहळू कलतंय बघा. सगळेच ओढत असले तरी सगळे सारखं ओढत नव्हते, म्हणून गुन्हेगार सापडला.

पण मला स्वतःला या अभ्यासातली सगळ्यात आवडणारी गोष्ट आकड्यांत नाही. मुलाखती घेणाऱ्या चार वैद्यकीय समाजसेविका होत्या. आता समोरचा माणूस फुप्फुसाच्या कॅन्सरचा आहे हे माहीत असेल तर नकळत जास्त खोदून विचारलं जाणार, ही भीती होतीच. पण झालं असं, की मुलाखतीच्या वेळी फुप्फुसाचा कॅन्सर समजलेल्या काही रुग्णांचं निदान नंतर चुकीचं निघालं, आजार दुसराच होता. विचारणारीला वाटत होतं हा कॅन्सरवाला, रुग्णालाही कदाचित तसंच वाटत होतं. तरी या लोकांच्या धूम्रपानाच्या सवयी कॅन्सर नसलेल्यांसारख्या निघाल्या. म्हणजे फरक विचारणारीच्या मनातून आलेला नव्हता. चुकलेल्या निदानांचा इतका सुरेख उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ही भीती पोकळ नसते हे मी स्वतःवरून सांगतो. उमेदवारीच्या काळात एका अभ्यासात आजारी माणसाच्या घरी मी विचारत असे, 'तंबाखू किती खायचे?' आणि शेजारच्या धडधाकट घरी, 'तंबाखू वगैरे काही नाही ना?' माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. एकदा आमच्या पर्यवेक्षक बाई मागे बसून ऐकत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, 'डॉक्टर, उत्तर तुम्हीच देताय, ते बिचारे नुसती मान हलवतायत.' त्या आठवड्याच्या ४० मुलाखती रद्द करून पुन्हा घ्याव्या लागल्या. मशेरीची गंमत तर वेगळीच. 'मावशी, तंबाखू खाता का?' 'नाही रे बाबा.' 'मशेरी लावता?' 'ती होय, ती तर दात घासायला. सकाळी, दुपारी, झोपताना.' मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण विचारताना 'तंबाखू' म्हटलं तर ती कागदावर येतच नाही.

एवढं होऊनही लंडनच्या अभ्यासावर आक्षेप उरलाच: आजारी पडल्यावर माणूस मागचं आठवून सांगतो, त्यात गफलत होणार. म्हणून डॉल आणि हिल यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. १९५१च्या ऑक्टोबरअखेर ब्रिटनमधल्या सुमारे ५९,६०० डॉक्टरांना पत्रं पाठवून विचारलं, ओढता का, किती? सुमारे ४० हजारांनी उत्तरं दिली. डॉक्टर का निवडले? ते फॉर्म नीट भरतात आणि मेल्यावर त्यांचा पत्ता लागतो. मग फक्त थांबायचं. १९५४च्या पहिल्या अहवालापर्यंत ३५ वर्षांवरच्या पुरुष डॉक्टरांपैकी ३६ जण फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले होते. त्यांत न ओढणारा एकही नव्हता. त्याच सुमारास रोनाल्ड फिशर, संख्याशास्त्रातला हिमालय आणि स्वतः पाइपचा शौकीन, म्हणत राहिला की कदाचित एखादं जनुक माणसाला सिगारेटीकडेही ओढत असेल आणि कॅन्सरकडेही. त्याला १९५९ साली जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी साध्या हिशेबाने उत्तर दिलं: धोका नऊपट दिसतोय, तर ते लपलेलं कारण ओढणाऱ्यांत निदान नऊपट जास्त आढळायला हवं. असं काही कोणाला दाखवता आलं नाही.

आपल्याकडे काय चाललं होतं? परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं आणि तिथे डॉ. वसंत खानोलकर यांनी फार वेगळ्या नजरेने बघायला सुरुवात केली. रुग्ण कुठल्या समाजाचा, काय नेसतो, तंबाखू कसा घेतो? कमरेला धोतर घट्ट कसून वर्षानुवर्षं घासल्यावर तिथल्या त्वचेचा कॅन्सर होतो, हे त्यांनी दाखवलं. काश्मिरात कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, पोटाशी धरून बसणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर होतो तो याचाच भाऊबंद. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा, म्हणजे तिकडचा चिरूट, पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, तिथे टाळूचा. हे सगळे पॉटच्या जातीचे: जागा विचित्र, सवय विचित्र, त्यामुळे डोळ्यांना दिसणारे. पण मुंबईतला बिडी-तंबाखूचा प्रश्न लंडनसारखा होता, म्हणून सांघवी, राव आणि खानोलकर यांनी रीतही तीच घेतली आणि १९५५ साली त्याच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं, की तोंडाच्या कॅन्सरशी चघळण्याचा संबंध आणि जिभेच्या मुळाशी, घशात होणाऱ्याशी ओढण्याचा. तंबाखू एकच, पण कसा घेता त्यावर कॅन्सरची जागा बदलते. हे लंडनला दिसलंच नसतं, तिथे चघळतंय कोण?

तुमच्या आजोबांचं. ब्रिटनच्या आकड्यांवरून पेटो, डॉल आणि सहकाऱ्यांनी २००० साली हिशेब मांडला: आयुष्यभर सिगारेट ओढत राहिलेल्या पुरुषांपैकी, दुसऱ्या कशाने आधी गेले नाहीत तर, ७५व्या वर्षापर्यंत साधारण १६ टक्के फुप्फुसाच्या कॅन्सरने जातात. कधीच न ओढणाऱ्यांत एका टक्क्याहून कमी. म्हणजे शंभरातले ८४ जण त्या वयापर्यंत त्याने जात नाहीत, आणि तुमचे आजोबा त्या ८४ पैकी. (बिडीचा, आपल्याकडचा आकडा वेगळा असेल; आणि तंबाखू फुप्फुसाच्या कॅन्सरखेरीज इतरही वाटांनी मारतो, हृदयविकार त्यातला मोठा.) आजोबा या अभ्यासांना खोटं पाडत नाहीत. ते आत मोजलेले आहेत, लंडनच्या दुसऱ्या गटातल्या ६४९ मधून २७ वजा जाता उरलेल्या ६२२ धूम्रपान करणाऱ्या पण कॅन्सर नसलेल्या पुरुषांच्या रांगेत.

राहिली वाडी. इथे मी हो किंवा नाही म्हणणार नाही, कारण ते काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. सात जणांचे सात कॅन्सर कोणत्या अवयवांचे? एकाला तोंडाचा, एकीला स्तनाचा, एकीला गर्भाशयमुखाचा, एकाला रक्ताचा असं असेल तर ते चार वेगळे आजार आहेत, कॅन्सर हे त्यांचं फक्त आडनाव. सातांपैकी पाच मूत्राशयाचे निघाले तर मात्र मी पुढच्या एसटीने येईन. दुसरं, वय. वाडीवर म्हातारी माणसं किती उरलीत? पोरं पुण्या-मुंबईला गेली असतील तर मागे राहिलेल्यांत कॅन्सर जास्त दिसणारच.

तिसरं म्हणजे लंडनची अडचण. वाडीवर सगळेच बोअरचं पाणी पितात, जसे तिकडे सगळेच सिगारेट ओढत होते. मेलेले सातही बोअरचं पीत होते हे खरं, पण जिवंत असलेले दोनशेही तेच पितात ना? मग वाडीच्या आत बघून काही कळणार नाही. शेजारची विहिरीवरची वाडी घ्यावी लागेल, किंवा कोण किती वर्षं पितंय त्यावरून उतरंड लावावी लागेल. पाण्याने कॅन्सर होतच नाही असं मी म्हणत नाही. तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावर खोल विहिरींच्या पाण्यातल्या आर्सेनिकमुळे त्वचेचे आणि मूत्राशयाचे कॅन्सर झाले, ते पक्कं ठरलंय. ठरलं कसं? गावागावांच्या विहिरींत आर्सेनिक कमी-जास्त होतं आणि कॅन्सरही त्याच चढाने कमी-जास्त निघाला. आणि पाण्याची तपासणी तर लगेच करून घ्या, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत. फक्त जंतूंची नको, आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेटही सांगा. त्यासाठी कॅन्सर सिद्ध होईपर्यंत थांबायचं काही कारण नाही.

एक तक्ता करा, वहीच्या पानावर चालेल. नाव नको, नुसता क्रमांक. वय, बाई की पुरुष, कुठल्या अवयवाचा, बायोप्सीचा कागद आहे की नुसतं ऐकीव, कोणत्या साली कळलं, वाडीवर किती वर्षं राहत होते, बिडी-तंबाखू-मशेरी-दारू. तंबाखू विचारताना बिडी, चघळणं आणि मशेरी वेगवेगळं विचारा. आणि जेवढी घरं कॅन्सरची, तेवढीच त्याच वयाच्या माणसांची बिनकॅन्सरची घरं घेऊन तेच प्रश्न त्याच आवाजात विचारा. चौदा मुलाखतींनी काही सिद्ध होणार नाही, पण तालुका आरोग्य अधिकाऱ्यासमोर 'सात माणसं गेली' असं म्हणण्यापेक्षा तो कागद ठेवलात तर त्याला तो बाजूला सारता येणार नाही.

त्याआधी मला फक्त एवढंच कळवा, की बोअर कोणत्या साली मारली? डांबराने सशाच्या कानालाही महिने घेतले, सिगारेटीला माणसात वीस-तीस वर्षं लागतात. बोअर पाच वर्षांपूर्वीची असेल, तर आपण बहुतेक चुकीच्या ठिकाणी शोधतोय.